आईला शुगर नाही

इंझोरी,
२० जुलै

मंजूताई,

ज्या घरात भूत मानत नाहीत, देवऋषी मानत नाहीत, अंगात येणं मानत नाहीत, त्या घरातली बाई एक दिवस तसंच वागू लागली, तर तिला काय झालं म्हणायचं? हा प्रश्न मी लहानपणापासून डोक्यात घेऊन फिरतेय आणि उत्तर मला आजही देता येत नाही. पण अर्धं उत्तर गुरुवारी मिळालं. ते पोटात ठेवून मला धड जेवताही येत नाहीये.

आधी फोनचं. तू ‘हॅलो’ म्हणताच मी ‘ताई, आईच्या आजाराला नाव आहे’ असं ओरडले आणि पलीकडून तुझ्या सासूबाईंचा आवाज आला, “कोनता आजार वं? शुगरच ना?” तुमच्या घरी फोन स्पीकरवर असतो हे मी विसरले. तू फोन कापलास आणि माझा नंबर ब्लॉक केलास. पत्राला स्पीकर नसतो, म्हणून हे तुझ्या शिवणक्लासच्या पत्त्यावर पाठवतेय. वाचून तिथेच ठेव.

बाबा आईच्या गोळ्या अकोल्याहून आणतात. वाशिमला डॉक्टर असून अकोला का, तर वाशिमच्या गाडीत ओळखीचं माणूस भेटतं. या महिन्यात फवारणी करताना त्यांची कंबर धरली. गोळ्या संपत आल्या होत्या. मी म्हटलं, मी नेते आईला, वाशिमलाच नेते. बाबा म्हणाले, “कोनी इचारलं तर शुगरच सांगजो.” ते मला न सांगताही आलं असतं. मी शाळेत असल्यापासून सांगतेय.

सरकारी दवाखान्यातल्या त्या डॉक्टरबाईंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. आईलाच विचारलं, “ताई, झोप कशी आहे?” आईबद्दल आईला कोणी विचारताना मी पहिल्यांदा पाहिलं. आई आधी माझ्याकडे बघत राहिली, आणि मग जी बोलायला लागली ती थांबेचना. डॉक्टरांनी तिला आजाराचं नाव सांगितलं. बायपोलर. म्हणाल्या, “नाव लक्षात नाही राहिलं तरी चालेल. झोका समजा. कधी फार वर जातो, कधी फार खाली. गोळी झोक्याची दोरी धरून ठेवते.”

आई म्हणाली, “मंग हे भूत नाही ना?”

“नाही.”

“अन् माह्यं काही पाप?”

“नाही हो.”

“अन् या पोरीचा पायगुण?”

ताई, आत्या तसं म्हणायची ते मला ठाऊक होतं. पण आईनं तो शब्द इतकी वर्षं जपून ठेवलाय, हे मला त्या खुर्चीवर बसून कळलं. डॉक्टर हसल्या नाहीत. त्यांनी नीट समजावलं, की हा आजार काही बायकांना बाळंतपणानंतर पहिल्यांदा धरतो. अंगातले बदल, जागरण, आणि मुळात घराण्यात असलेला कल. बाळाचा त्यात काही दोष नसतो. मी कुणाचं काही वाकडं न करता जन्मले, हे मला सरकारी दवाखान्यात समजलं. बाहेर येऊन आम्ही दोघींनी रसवंतीवर बसून रस घेतला. आईनं दोन ग्लास घेतले. शुगर असलेल्या बाईनं.

आता मुख्य गोष्ट. निघताना डॉक्टरांनी विचारलं, “घरात कोणी गरोदर आहे का?” मी म्हटलं, माझी बहीण, दिवाळीनंतरची तारीख आहे. त्या म्हणाल्या, “तिला होईलच असं नाही, बहुतेक होणारही नाही. पण तिच्या डॉक्टरांना आईचं माहीत हवं. आणि पहिले काही आठवडे तिला झोप मिळाली पाहिजे. काही वेगळं वाटलं तर लगेच आणायचं, वाट बघायची नाही.”

म्हणून फोन केला होता. तू निदान विनोदभाऊजींना सांग. बाकी कोणाला नको.

तुझी,
धम्मदीपा


इंझोरी,
१८ ऑगस्ट

मंजूताई,

तुझी चिठ्ठी मिळाली. ब्लाउजच्या कटिंगचा खाकी कागद ओळखला मी. “धम्मा, गप बस. सासूबाईंना कळलं तर म्हणतील फसवून पोरगी दिली. बाळंतपण मी इथेच करणार आहे. आईला म्हणावं येऊ नको.” शेवटचं वाक्य तू आधी लिहिलंस, खोडलंस, आणि पुन्हा लिहिलंस. मी आईला चिठ्ठी वाचून दाखवली तेव्हा ते वाक्य गाळलं. आई म्हणाली, “अन् मले येऊ नोको म्हने, थे काहून नाही वाचलं?” तिला तू आमच्यापेक्षा जास्त कळतेस.

मी तुला शब्द देते. जऊळक्याला तुझ्या घरी माझ्या तोंडून काहीही जाणार नाही. हा शब्द माझा आहे आणि मी तो पाळीन. पण तुझ्या डॉक्टरांना सांगायला सासूबाईंची परवानगी कशाला लागते? तपासायला आत जाशील तेव्हा एक वाक्य बोलायचं आहे: माझ्या आईला माझ्या बहिणीच्या वेळी असं झालं होतं. सांगशील का?

इथली बातमी मोठी आहे. विहारात वर्षावासाचं ग्रंथवाचन यंदा पावसाळाभर मी करतेय. रोज संध्याकाळी, घंटा वाजली की. ‘बी.ए. झालेली पोरगी हाये, चष्मा लागत नाही, आवाज फुटत नाही’, असं म्हणून समितीनं मला बसवलं. आणि समारोपाला, आश्विन पौर्णिमेला, मला भाषण करायचं आहे. विषय मीच सांगितला, मनाचे आजार. अध्यक्ष म्हणाले, “विषय चांगला हाये, पन खिरीच्या आंधी उरकजो.”

मी भाषण लिहिलं. एका बैठकीत लिहिलं, ताई, हात थांबत नव्हता. सुरुवातच आईपासून केली. ‘माझी आई रडत होती आणि आमचं घर दार लावून बसलं होतं.’ घरी दोघांना वाचून दाखवलं. बाबा पहिल्या ओळीला उठले. “गावाले काय शिकवाचं ते शिकव. घरचं कायले काढतं?” आणि बैलाला पाणी दाखवायला गेले. बैलाला मी मघाशीच दाखवलं होतं.

आई बसून राहिली. मला वाटलं, हिला आवडलं. ती म्हणाली, “आजार माहा, अन् भाषण तुह्यं?”

“आई, लोकांना कळायला नको का?”

“कळू दे ना. मले इचारलं का तू?”

डॉक्टरांनी तिला विचारलं म्हणून मी केवढी खूश झाले होते, आणि मी स्वतः विचारलं नव्हतं. आईचं पान मी वेगळं काढून ठेवलं. भाषणात आता आई नाही.

गंमत पुढे आहे. दुसऱ्या दिवशी तूर निवडता निवडता ती आपणहून म्हणाली, “त्या पानात मले कसं लिवलं, वाच बरं पुन्हा.” मी वाचलं. तिनं लगेच चूक काढली. “मी रडत नव्हतो तवा. मी हासत होतो. समद्याइले वाटे किती आनंदी बाई हाये. तसं लिव.” मी म्हटलं, आता ते भाषणात नाही. ती म्हणाली, “नसू दे. पन खोटं कायले राहू द्याचं कागदावर?”

ताई, तिच्यात काहीतरी हललं आहे. उत्तर पाठव. खाकी कागदावर चालेल.

धम्मा


इंझोरी,
२१ सप्टेंबर

मंजूताई,

तुझं उत्तर नाही. राग असेल तर असू दे. आजचं पत्र माझं नाही. आई बोलतेय, मी लिहितेय. तिनं बजावलंय, शब्द सुधारायचे नाहीत.

“मंजे, मी तुही माय बोलतो. बरी हावो. तू बरी अस.

धम्मी झाली तवा तू लहान होती, पन तुले आठवत असन. मले झोपच येये ना. अन् झोप नाही तरी थकवा नाही. साऱ्या मोहल्ल्याच्या चुली मी सारवून देल्ल्या. बाया म्हनत, काय कामाची बाळंतीण हाये. कोनालेच समजलं नाही, मलेही नाही. मंग मले वाटाले लागलं का पोरगी माही नाही, बदलून टाकली. मी तिले जवळ घेये ना. तू माह्या पदराले धरून उभी राहे अन् म्हने, माय, आपलीच हाये वं. तूच तिले मांडीवर घेऊन बसे.

तुह्या बाबानं कोनाले सांगतलं नाही. सांगाव तरी काय? भूत म्हनाव तर आपन मानत नाही. आजार म्हनाव तर येडी म्हनतीन. मंग एक दिवस मले दूरच्या गावाले नेलं, एका देवऋष्याकडे. त्याच्या आंगनात जाच्या आंधी तुह्या बाबानं छातीवरचा पंचशीलाचा बिल्ला काढला अन् खिशात टाकला. मी पाह्यलं. माह्यं डोकं ठिकाणावर नव्हतं, पन एवढं समजलं, का माह्यापायी ह्या मानसाले आपला धर्म खिशात टाका लागला. त्या मानसानं माह्या तोंडावर धूर केला. काही झालं नाही. परत येतानी मीच तो बिल्ला काढून त्याइच्या सदऱ्याले लावून देल्ला. मंग कोनीतरी अकोल्याच्या डॉक्टरचं सांगतलं.

तुह्या लग्नात मी शेजारच्या राधिकाच्या घरी बसून रायलो. थे तू म्हनलं म्हनून नाही. मलेही भेव वाटे, का मी काही बोलून बसीन. म्हनून त्याचं मनाले लावून घेऊ नोको. राधिकाच्या खिडकीतून तुही साडी दिसे.

मले एवढंच सांगाचं हाये. लेकरू झालं का तू झोप. लेकरू रडन तर रडू दे, कोनी घेईन. कोनी नाव ठेवीन तर ठेवू दे. तू झोप.”

एवढं झाल्यावर आईनं पाणी प्यायलं आणि गुळाचा खडा तोंडात टाकला. बाबा दारात उभे होते. कधीपासून, माहीत नाही. मला म्हणाले, “बिल्ल्याचं लिवलं का?”

“लिहिलं.”

मला वाटलं खोडायला लावतील. “राहू दे,” म्हणाले.

धम्मा

ता. क. पत्र टाकायला निघाले आणि पोस्टातच तुझी चिठ्ठी हातात पडली. “डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं, काही बोलल्या नाहीत. यांनाही सांगितलं. त्या दिवशी जेवले नाहीत, पण रागावलेही नाहीत. सासूबाईंना मी नाही सांगू शकत, धम्मा. ते मला होणार नाही.” ताई, मी पोस्टातच मोठ्यानं हसले. पोस्टमन म्हणाला, “नोकरी लागली काय वं?” मी म्हटलं, त्याहून मोठं.


इंझोरी,
आश्विन पौर्णिमा

ताई,

हे पत्र घाईत लिहितेय, समोर बसलेल्या माणसामुळे जास्तच. कोण ते शेवटी सांगते.

तुझ्या सासूबाई आज येणार हे तुला माहीतच होतं. बाबांनी समारोपाला बोलावलं होतं, आणि बाळंतपण कुठे करायचं ते समोरासमोर पक्कं करायचं होतं. त्या सकाळच्याच गाडीनं एकट्या आल्या. आईनं चहा केला. त्या म्हणाल्या, “तुमचा बिनसाखरेचा वायला करा, विहीणबाई.” आईनं निमूट वेगळा केला.

विहारात मी भाषण केलं. सोयाबीनची सोंगणी सुरू आहे, निम्म्या बाया शेतातून तशाच आल्या होत्या, केसांत कुटार, शेंगांचा भुसा. मला वाटलं झोपतील. झोपल्या नाहीत. मी झोक्याचं सांगितलं, झोपेचं सांगितलं, जसं हाड मोडतं तसं मनही दुखावतं आणि त्यालाही डॉक्टर असतो, हे सांगितलं. आई त्यात नव्हती. मी शब्द पाळला, ताई, लक्षात ठेव. खाली बसले तेव्हा टाळ्या वाजल्या आणि मागून एक म्हातारी म्हणाली, “हे समदे शयरातले आजार. आपल्याकडे कोनाले हायेत?”

मग खीर. दरवर्षी बाबाच वाढतात, तुला माहीत आहे. बाया ओळीनं बसलेल्या, बाबा डाव घेऊन पुढे पुढे येत होते. आईपाशी ते कधी थांबत नाहीत. आजही पाऊल पुढे टाकलंच होतं. आईनं वाटी धरली.

तुझ्या सासूबाई शेजारीच. त्या काळजीनंच म्हणाल्या, “माणिकराव, त्याइले नोका देऊ, शुगर हाये त्याइले.”

आई म्हणाली, “मले शुगर नाही.”

“मंग थ्या गोळ्या?”

“थ्या मनाच्या हायेत. धम्मी आता झोक्याचं सांगून राह्यली होती ना? थो माहा झोका हाये. धम्मी झाली तवापासून.”

फार मोठ्यानं बोलली नाही ती. पण सगळी ओळ वळून बघायला लागली. मी बाबांकडे पाहिलं. त्यांच्या हातात भरलेला डाव. मला वाटलं आता ते पुढे जातील. त्यांनी वाटीत डाव रिकामा केला. पुन्हा भरला, पुन्हा ओतला. वाटी भरली, आईच्या बोटांवरून खीर लुगड्यावर सांडायला लागली, तरी ते ओततच होते.

“पुरे ना,” आई म्हणाली. “एवढ्या वर्साची आजच वाढता काय?”

आधी एक बाई हसली, मग सगळी ओळ. आणि त्या हसण्यातच पलीकडच्या एक काकू सहज बोलून गेल्या, “माह्या जावेलेही असंच हाये. आमी थायरॉइड सांगतो.” ती जाऊ तिथेच बसली होती. तिनं त्यांच्याकडे पाहिलं, मग आईकडे पाहिलं, आणि आईच्या शेजारी सरकून बसली. ताई, मी रडले. भाषणानं जे झालं नाही ते एका वाटीनं केलं, आणि मला त्याचं जराही वाईट वाटलं नाही.

सासूबाई हसल्या नव्हत्या. वाटी खाली ठेवून घरी आल्या. मीही मागोमाग, आणि आईबाबाही. पुढचं सगळं आपल्या ओट्यावर झालं.

“लग्नाच्या टायमाले काहून नाही सांगतलं?”

आई म्हणाली, “सांगतलं असतं तर केली असती सोयरीक?”

त्यांनी विचार केला. खरंच केला. “नसती केली.”

“म्हनूनच.”

“म्हनूनच म्हनजे? मी आज खाली मान घालून बसलो थ्या बायाइत. आपल्याच विहिणीचं आपल्याले म्हाईत नाही.”

“चुकलं आमचं,” बाबा म्हणाले. बाबा, ताई. “तिचं नाही. माहं चुकलं. मीच शुगर सांगतलं गावाले.”

सासूबाई ओट्याच्या कडेला बसल्या. मग माझ्याकडे वळल्या. “मंजुषाले होईन का हे?”

मी जे डॉक्टर बोलल्या तेच सांगितलं. होईलच असं नाही. पण लक्ष ठेवायला हवं, झोप मिळायला हवी, डॉक्टरांना माहीत हवं.

“डॉक्टरले सांगतलं का तिनं?”

“सांगितलं.”

“विनोदले?”

मी गप्प बसले. ते माझं सांगणं नव्हतं. त्यांना कळलं.

“म्हनजे समद्याइले म्हाईत. मलेच नाही. काहून?”

मी इकडेतिकडे पाहिलं. कोणी मदतीला आलं नाही. “तुमच्या भेवानं,” मी म्हटलं.

तुला सांगते, त्या मला मारतील असं वाटलं. त्यांनी पदरानं तोंड पुसलं. म्हणाल्या, “आठव्या महिन्याची पोरगी माह्या भेवानं झोपत नसन, अन् मी तिले रोज दूध पाजून राह्यलो.” मग आईला: “माहा राग हाये. थो राहीन. त्याले टाइम लागन. पन पहिल्या बाळंतिणीजवळ माय पायजे. जऊळक्याचा दवाखाना जवळ हाये, पोरगी तिथंच राहीन. तुमीच या.”

आई म्हणाली, “पोरीच्या घरी एवढे दिस?”

“मंग काय झालं? कोनत्या पुस्तकात लिवलं हाये? एक दिस तुमी जागजा, एक दिस मी. ही शिकलेली पोरगीही आना, लेकराले भाषण देईन.” आणि मी आणून ठेवलेला साखरेचा चहा आईपुढे सरकवत म्हणाल्या, “मले सांगा बावा, एवढी वर्सं थो कडू चहा कसा पेला तुमी?”

“लय कडू होता,” आई म्हणाली.

मला माहीत आहे, तुला हे तसं नको होतं. तू म्हणशील, शब्द दिला होतास. मी दिला होता, ताई, आईनं दिला नव्हता. आणि आजार तिचा आहे. तरीही तुला राग आला तर माझ्यावर काढ. मी जवळच असेन. आईच्या कपड्यांची पिशवी भरून झाली. गोळ्या ‘शुगर’ लिहिलेल्या जुन्या डब्यातून काढून तिनं दवाखान्याच्या पाकिटातच ठेवल्या, नावासकट. डबा तिनं मेथीदाण्याला घेतला. दिवाळी झाली की आम्ही निघतो.

तुझ्या सासूबाई समोर बसल्या आहेत. मी लिहिताना त्या विचारताहेत, “माह्यं काय लिवलं?” त्यांना वाचून दाखवलं. ‘मारतील असं वाटलं’ इथे त्या म्हणाल्या, “थे राहू दे, खरं हाये.”

हे पत्र शिवणक्लासच्या पत्त्यावर येणार नाही. पाकिटाला डिंक लावलेला नाही. त्यांच्याच पिशवीत, खिरीच्या डब्यावर, वरच ठेवलं आहे.

धम्मा